लाल ताऱ्याबद्दल मी दिलेली साक्ष

मिशनच्या साहेबांच्या दुर्बिणीची तिवई मी केली. अस्सल सागाची. त्यांच्या मुलखातून आलेली तिवई आगगाडीतच मोडली होती. एक पाय उभा चिरला होता, आणि साहेब ती मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसले होते, जसं काही लेकरू पडलंय. मी म्हटलं, साहेब, ही चुलीत घाला, मी नवी करतो. आठ दिवसांत केली. वर दगड ठेवला तरी हलायची नाही. बढाई म्हणून सांगत नाही. पुढं जे झालं ते त्या तिवईपासून झालं, म्हणून आधी तिचं सांगितलं.

माझं शिक्षण दुसरीपर्यंत. तेही मोठेपणी, मिशनच्या शाळेत पोरांच्या मागं बसून. त्यामुळं हे लिखाण जसं येतं तसं वाचावं. चुका काढणाऱ्यानं आधी एक चौकट काटकोनात जोडून दाखवावी, मग माझ्या चुका काढाव्यात.

आमचं गाव नवापूरपासून पायी दोन तासांवर, जंगलाच्या कडेला. घरात आम्ही आमची बोली बोलतो. मराठी मी मिशनमध्ये शिकलो. माझ्या आईला मराठी कधीच आलं नाही. बाजारात मारवाड्याच्या दुकानी ती बोटानं दाखवून मीठ घ्यायची. इथं तिचं बोलणं मी मराठीत लिहितो, पण ते तिनं मराठीत म्हटलेलं नाही, हे ध्यानात असू द्या. त्याला कारण आहे.

मानमोडीच्या साथीत माझा बाप आणि दोन बहिणी एका आठवड्यात गेल्या. बाप सकाळी नांगर धरून उभा होता, दुपारी तापानं पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला. तेव्हा आमच्या भागात मिशन नव्हतं. साहेब आले त्यानंतर दोन वर्षांनी. मी त्यांच्याकडे सुतारकामाला लागलो, ऐकत गेलो, पटत गेलं, आणि बायकोसकट बाप्तिस्मा घेतला. भाऊबंद बोलणं टाकून बसले. मी त्यांच्याकडे पाठ केली. जे पटलं ते पटलं, त्यात मी कुणाला विचारत नाही.

आईनं मात्र बाप्तिस्म्याचं पाणी घेतलं नाही. दर रविवारी ती आमच्याबरोबर मिशनच्या देवळापर्यंत यायची आणि बाहेर मोहाच्या झाडाखाली बसायची. गाणी ऐकायची. आत ये म्हटलं की मान हलवायची.

तिचं कारण एकच होतं. आमच्या मंडळीचे मास्तर, म्हणजे उपदेशक, नगरकडचे. शिकलेला माणूस, शास्त्र तोंडपाठ, बोलणं धारेचं. त्यांना तिनं एकदा माझ्या तोंडून विचारलं होतं, माझा माणूस आणि माझ्या दोन पोरी आता कुठं आहेत? मास्तरांनी घुमवून-फिरवून सांगितलं नाही. प्रभूचं नाव न घेता जे गेले ते हरवले, असं ते म्हणाले. आणि मी, शब्दाला शब्द, ते आईला सांगितलं. मला वाटलं खरं ते खरं. आई उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "मग मी तुमच्या तिकडं जाऊन कुणाशी बोलू? तिकडं माझं कोण आहे? मी माझ्या माणसांतच जाते."

त्यानंतर सहा वर्षं ती मोहाखालीच बसली. माझी रात्रीची प्रार्थना एकच होती, की ती आत यावी. दुसरं मी काही मागितलं नाही. मिशनच्या कब्रस्तानाला बांबूचं कुंपण मीच घातलं होतं. ते घालताना एका कोपऱ्यात जागा मनात धरून ठेवली होती, तिच्यासाठी आणि माझ्यासाठी.

तर तिवई झाली. दसरा होऊन गेला होता, आकाश धुतल्यासारखं साफ. साहेब म्हणाले, मिस्तरी, आज दिवे लागल्यावर थांबा, तुमच्या कामाचं फळ पाहा. उगवतीला डोंगरावर एक लाल तारा वर आला होता. त्या वर्षी तो आपल्या फार जवळ आला आहे, असं साहेब म्हणाले. साहेबांनी नळी लावली, बाजूला झाले आणि मला वाकायला सांगितलं.

काय पाहिलं ते शेवटी लिहितो.

मी डोळा काढला तेव्हा साहेब म्हणाले की तो तारा म्हणजे आपल्या जमिनीसारखी एक जमीन आहे, गोल. तिच्यावर दिवस होतो, रात्र होते. तिथं पाणी असावं असं काही विद्वान म्हणतात. पाणी असेल तर जीवही असतील, आणि कोण जाणे, माणसांसारखंही कुणी असेल.

मी विचारलं, "त्यांच्यात मिशन आहे का?"

साहेब हसले, पण लगेच थांबले. माझं तोंड पाहिलं असावं. तिथं कुणी जाऊ शकत नाही, असं ते म्हणाले. बैलगाडी नाही, बोट नाही, काहीच नाही.

मी सुतार माणूस. मला खिळा आधी आठवतो. मी म्हटलं, "साहेब, प्रभूला इथं खिळे मारले. तिथल्या माणसांना ते कोण सांगणार? का तिथंही त्याला पुन्हा खिळे मारले?"

साहेबांनी नळीवर झाकण घातलं. खाली घोड्याच्या पागेत कुणीतरी चंदी घालत होतं, तेवढा आवाज. मग ते त्यांच्या पुस्तकी मराठीत म्हणाले, "मला ठाऊक नाही. पण ज्याने त्यांना घडवले, तो त्यांना विसरला नसेल."

मी घरी आलो तो धावतच. बायको भाकरी थापत होती आणि आई चुलीपाशी भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं. लाल तारा, त्यावरची जमीन, माणसं. तिथं कुणी उपदेशक गेला नाही आणि जाणारही नाही, तरी देव त्यांना विसरलेला नाही, हे साहेबांनी स्वतः सांगितलं. मग आई, मी म्हटलं, आपल्या गावातही तेव्हा कुणी आलं नव्हतं. त्या ताऱ्यात आणि आपल्या गावात फरक काय?

आईचे हात थांबले. शेंगा तशाच ओच्यात.

"हे साहेब म्हणाला, का तू म्हणतोस?"

ताऱ्याचं साहेब म्हणाले, गावाचं मी म्हणतो, असं मी सांगितलं.

"मग त्याला माझ्या माणसाचं विचार," ती म्हणाली. "ताऱ्यावरच्यांचं मला काय करायचं? तुझ्या बापाचं त्यानं त्याच्या तोंडानं सांगितलं, तर मी पाणी घेते. उद्याच घेते."

सहा वर्षांत ती पहिल्यांदा असं बोलली होती. बायकोनं तव्यावरची भाकरी जाळली आणि तिला कळलं नाही.

आता कुणीही म्हणेल, दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारून मोकळं व्हायचं. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि मी ठरवलं की उपासना झाल्यावर निवांत विचारू. मास्तर मधे नकोत.

आमच्या मंडळीत उपदेशानंतर साक्ष द्यायची रीत होती. ज्याला द्यायची तो उभा राही आणि त्या आठवड्यात देवानं काय केलं ते सांगे. नियम एक, की जे स्वतः पाहिलं, स्वतः भोगलं तेच सांगायचं. ऐकीव चालायचं नाही. कुणाची गाय सापडायची, कुणाचा ताप उतरायचा. लोक मान डोलवायचे. मी आजवर साक्षीला उभा राहिलो नव्हतो. मला पुढंपुढं करायला आवडत नाही.

त्या रविवारी मास्तरांनी उपदेश केला तो बाहेर राहणाऱ्यांवर. दार उघडं असून जे झाडाखाली बसतात त्यांच्यावर. नाव घेतलं नाही. पण खिडकीतून मोहाचं झाड सगळ्यांना दिसत होतं, आणि झाडाखाली एकच बाई होती. ती त्यातलं एक अक्षर समजत नव्हती. शांतपणे बसली होती.

मी उभा राहिलो. म्हटलं, साक्ष द्यायची आहे. आणि ताऱ्याचं सगळं सांगून टाकलं. तिथं माणसं आहेत, त्यांच्याकडे कुणी मास्तर गेला नाही, तरी देव त्यांना विसरलेला नाही. तेव्हा बाहेर बसणाऱ्यांची काळजी मास्तरांनी करू नये.

देवळात चुळबूळ झाली. मिशनचा गाडीवान शहाद्याकडचा, जिभेला हाड नसलेला. मागून त्यानं हळूच विचारलं, "मिस्तरी, तठे बाजार कोन्ता वारले भरस?" ताऱ्यावर बाजार कुठल्या वारी भरतो, म्हणे. पाचसहा जण हसले. माझे कान तापले.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "साक्ष पाहिलेल्या गोष्टीची असते. तू ती माणसं पाहिलीस?"

इथं नाही म्हणायला हवं होतं. नाही, साहेबांनी सांगितलं, एवढं म्हणून बसलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण ते हसू अजून कानात होतं.

मी म्हटलं, "पाहिली."

"काय करत होती?"

"शेतात होती. एक जण नांगर धरून उभा होता."

मग कुणी हसलं नाही. एक म्हातारी तर हात जोडून रडायला लागली. मास्तरांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब पुढच्या बाकावर होते. ते उठले, तोंड लालबुंद. त्यांना खोटं बोलता यायचं नाही, मला वाचवायला सुद्धा नाही. ते म्हणाले की अशी शक्यता आपण बोलून दाखवली हे खरं, पण त्या यंत्रातून माणसं दिसत नाहीत, कुणालाच दिसणार नाहीत. मिस्तरींची काहीतरी चूक होते आहे.

चूक म्हणाले. खोटं म्हणाले नाहीत. पण बाकीच्यांनी ऐकायचं ते ऐकलं.

त्याच दुपारी मंडळीचे पंच बसले आणि ठरलं. साक्षीत खोटं बोलणं म्हणजे देवासमोर खोटं बोलणं. मी पुढच्या रविवारी उभं राहून म्हणायचं, की मी माणसं पाहिली नाहीत. तोपर्यंत प्रभुभोजन, म्हणजे देवळातली भाकर आणि प्याला, बंद. मारहाण नाही, दंड नाही. एक वाक्य. मी रंधा, पटाशी, करवत गोळा केली, पिशवी खांद्याला लावली आणि मिशनचं काम सोडलं. नवापूरच्या बाजारात गाड्यांच्या चाकांचं काम धरलं. हाताला कला असली की माणूस कुणाच्या दारात उभा राहत नाही.

पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. आईनं दोनदा विचारलं, साहेबाला विचारलंस का? मी म्हटलं, विचारतो. बायको एकदा बोलली, "एवढं एक वाक्य म्हणून या ना. जिभेला काय फोड येणार आहे?" मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

पौषात आईला खोकला धरला, मग ताप. ती आतल्या बाजूला कुडाच्या भिंतीआड पडून असे. कूड कारवीचा, वर शेणाचा लिंपा. पलीकडचा श्वाससुद्धा ऐकू यायचा.

एका सकाळी साहेब आले. एकटेच, पायी, बुटांना नाल्याचा चिखल. त्यांना दौऱ्यावर तापीच्या बाजूला प्रकाशा गावाकडे निघायचं होतं, तंबूचं सामान गाडीत भरून झालं होतं, तरी आधी इकडे आले. मी अंगणात गाडीच्या चाकाची आरी तासत होतो. बसा म्हटलं नाही.

ते म्हणाले, आई आजारी आहेत असं कळलं. मला त्यांना भेटू द्या, त्यांच्याशी एक गोष्ट बोलायची आहे. आईचा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. बायकोनं मिशनच्या स्वयंपाकिणीला सांगितला असणार.

मी म्हटलं, "आधी रविवारी सगळ्यांसमोर सांगा, की ताऱ्याचं तुम्हीच मला सांगितलं."

"ते मी सांगितलेच आहे. पुन्हा सांगेन."

"आणि मी खोटा नाही, हे सांगा."

साहेबांनी टोपी काढली. टक्कल घामानं चमकत होतं, एवढ्या थंडीत. "ते मला सांगता येणार नाही, मिस्तरी. ते तुम्हीच सांगायचे आहे. पण त्याचा आईशी काही संबंध नाही. मला पाच मिनिटे आत जाऊ द्या."

मी दारात जाऊन उभा राहिलो. माझं दार, मीच बनवलेलं. म्हटलं, "आई झोपली आहे."

ती झोपलेली नव्हती. आत खोकली. साहेबांनी ते ऐकलं. मी ऐकलं ते त्यांना दिसलं. तरी मी दारातून हललो नाही. ते नमस्कार करून गेले.

मी आत गेलो. आईनं डोळे उघडून विचारलं, "साहेबाचा आवाज होता. काय म्हणत होता?"

मघाशी म्हटलं ना, तिला मराठी येत नव्हतं, ध्यानात ठेवा. कुडाआडून तिनं शब्द न् शब्द ऐकला आणि तिला त्यातलं काहीच कळलं नव्हतं. तिच्या आणि साहेबांच्या मधे मी होतो, फक्त मी.

मी म्हटलं, "काही नाही. कामावर परत ये म्हणत होता."

"माझं विचारलंस?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी पहाटे ती गेली. साहेब दौऱ्यावर होते. मास्तर दारात आले होते, हे मला सांगितलंच पाहिजे, माणूस कडक होता पण आला. कब्रस्तानाचं काही त्यांनी काढलं नाही आणि मीही विचारलं नाही. कुंपण मी घातलेलं, नियम मला ठाऊक: पाणी न घेतलेल्याला आत जागा नाही. भाऊबंद, जे सहा वर्षं बोलत नव्हते, ते न बोलावता आले आणि तिला तिच्या माणसांत घेऊन गेले. नाल्यापलीकडे, बापाशेजारी. तिनं म्हटलं होतं तसंच झालं.

आमच्यात मेलेल्या माणसाच्या नावानं लाकडाचा खांब उभा करतात. वरच्या बाजूला सूर्य-चंद्र कोरतात, खाली माणूस. मी पाणी घेतलेला, माझं ते काम नव्हे. पण आमच्या भागात माझ्या हाताचा दुसरा सुतार नव्हता. भाऊबंदांनी लाकूड आणून अंगणात टाकलं आणि काही न म्हणता निघून गेले. मी चार दिवस कोरत होतो. सूर्य झाला, चंद्र झाला. चंद्राच्या बाजूला मी पटाशीच्या टोकानं ज्वारीच्या दाण्याएवढा एक खळगा पाडला. उभा करताना एका म्हाताऱ्यानं विचारलं, हे काय? मी म्हटलं, लाकडात गाठ होती, निघाली.

दौऱ्यावरून आल्यावर साहेब नाल्यापलीकडे आले. खांबासमोर उभे राहिले, टोपी हातात. मग त्यांनी आमच्या बोलीत एक वाक्य म्हटलं. उच्चार असे, की लहान पोरं हसली असती. अर्थ असा होता: तुझ्या माणसाचं मला ठाऊक नाही, पण ज्यानं त्याला घडवलं, तो त्याला विसरला नसेल.

मी विचारलं, हे कुणी शिकवलं?

"स्वयंपाकीणबाईंनी. तीन दिवस लागले," ते म्हणाले. "त्या सकाळी मी हेच पाठ करून आलो होतो. तुम्हाला मधे भाषांतर करावे लागू नये म्हणून."

मी माफी मागितली नाही. ते गेले तसा मीही घरी आलो आणि राहिलेली आरी तासायला घेतली.

साहेब पुढं दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी त्यांच्या मुलखात गेले. दुर्बीण गेली, तिवईसकट. मास्तर गेले. गाडीवान गेला. माझी बायकोही गेली, ती कुंपणाच्या आत आहे, कोपऱ्यातल्या त्या जागेवर. मी देवळात जातो, कित्येक वर्षांपासून जातो. शेवटच्या बाकावर बसतो. भाकर आणि प्याला माझ्यापर्यंत येतात, मी पुढं देतो. नव्या मास्तरांना काही माहीत नाही. ते म्हणतात, बाबा, तुम्ही का घेत नाही? मी म्हणतो, पोट बरं नाही.

आता काय पाहिलं ते लिहितो. नळीत एक लाल दाणा होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, कडेला थोडा पांढरा. तिवई स्थिर होती, तरी तो स्थिर राहत नव्हता. काचेच्या एका बाजूनं यायचा आणि दुसऱ्या बाजूनं निघून जायचा, आणि साहेब नळी सरकवून त्याला परत आणायचे. तिथं शेत नव्हतं, नांगर नव्हता, माणूस नव्हता. नांगर धरून उभा होता तो माझा बाप, आणि तो मी इथं पाहिला होता, साथीच्या साली, सकाळी. त्या ताऱ्यावर कुणी आहे का, आणि असलं तर त्याचं काय होणार, हे मला आजही ठाऊक नाही.

मी माणसं पाहिली नाहीत. हेच ते वाक्य. पंचांनी सांगितलं होतं, उभं राहून म्हणायचं. मी ते बसून लिहिलं आहे.